शेतापलीकडचा पत्ता

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी वाटणी झाली तेव्हा सगळ्यात आधी साचे वाटले गेले. पेणजवळच्या जोह्यात गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरी असंच करतात, जमिनीचं नंतर बघतात. रबरी साचे, काही सासऱ्यांच्या वेळचे प्लास्टरचे, सगळे शेडमध्ये ओळीनं मांडले आणि एक थोरल्याचा, एक धाकट्याचा असं करत दोन ढीग केले. मग रंगाचा कॉम्प्रेसर, मग भाताची खाचरं. मोठ्या भावाला रस्त्याकडची मूळची शेड मिळाली. धाकट्याला, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, खाचराच्या पलीकडे नवी शेड बांधायला जागा मिळाली. कोणी आवाज चढवला नाही. त्या घरात भांडण झालं की आवाज चढत नाहीत, बंद होतात. कशावरून बिनसलं ते मला कधी नीट कळलं नाही, आणि बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

गावातले एक जाणते मध्ये बसले होते. सगळं उरकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आनि ते नेटवरचं नाव? ते कोनाकडं जायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी रोह्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंप्युटर सांभाळते आणि राहते पेणला. त्या घराची वेबसाइट मीच करून दिली होती. बहीण लग्न होऊन तिथे गेली आणि थोड्याच काळात गिऱ्हाइकं तिच्या हातचे डोळे मागून घ्यायला लागली. मूर्तीचे डोळे काढण्याला आखणी म्हणतात. साचा भरायला माणसं मिळतात, रंग मारायलाही मिळतात, आखणीचा हात मात्र एखाद्याच घरात असतो. परदेशातल्या मराठी मंडळांच्या ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा मी वेबसाइट केली, घराच्या आडनावाचा पत्ता घेतला आणि नोंदणी केली मोठ्या भावाच्या नावे, कारण घराचे कर्ते ते. सगळं घर त्यांना दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

त्या दिवशी मी सांगितलं की नावाचे दोन तुकडे होत नाहीत. एका नावाचा मालक एकच असतो, आणि मालकही कसला, दर वर्षी पैसे भरायचे आणि वापरायचं, भाड्याच्या खोलीसारखं. जाणत्यांनी मान हलवली. त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही.

"मंग पाळी लावा," ते म्हणाले. "घरचा गनपती लावलाय तशी. एक वरीस दादाकडं, एक वरीस धाकल्याकडं. पाडव्याला बदलायचं."

घरचा गणपती वाटता येत नाही, म्हणून वेगळे झालेले भाऊ तो पाळीनं आणतात, आणि त्या वर्षी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे सगळे जातात. ही व्यवस्था तिथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. मी म्हटलं, गणपती कुठल्या घरी आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं, या नावाचं तसं नाही. पण पाळी हा शब्द एकदा निघाल्यावर माझ्या बोलण्याला कोण विचारतो. दिवाळीच्या पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असं ठरलं, आणि पहिली पाळी थोरल्याची. बहीण दारात उभी होती. तिनं फक्त मला विचारलं, "म्हणजे या वर्षी मला शोधणारी माणसं त्यांच्याकडं जाणार?"

"हो," मी म्हटलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, आणि ते काम मला जमतं असं कोणी म्हणत नाही. कंपनीत महिन्यातून एकदा तरी कोणीतरी माझ्या टेबलाशी येऊन "मॅडम, नेट गेलं" असं म्हणतं. नेट गेलेलं नसतं. तारा जागच्या जागी असतात, यंत्रं चालू असतात. फक्त नाव सांगितल्यावर नंबर सांगणारा गप्प झालेला असतो. यंत्रं एकमेकांना नंबरांनी ओळखतात. नावं ही आपली सोय. आपण वेबसाइटचं नाव टाकतो तेव्हा आधी कोणालातरी विचारावं लागतं की या नावाचा नंबर काय, आणि ही विचारपूस ज्या व्यवस्थेतून होते तिला डीएनएस म्हणतात. ती बंद पडली की नंबर माहीत असलेल्याला सगळं उघडतं आणि बाकीच्यांना जग बुडाल्यासारखं वाटतं. हे मी शिफ्टच्या लोकांना किती वेळा सांगितलं असेल. ते ऐकून घेतात आणि जाताना म्हणतात, "तेच हो, नेट गेलं."

लोकांना वाटतं, जगातली सगळी नावं कुठेतरी एका ठिकाणी लिहून ठेवलेली असतील. तसं कुठेच नाही. पेणच्या एसटी स्टँडवर उतरून कोणी मूर्तीच्या एखाद्या कारखान्याचं नाव सांगितलं, तर रिक्षावाल्यांना तो कारखाना माहीत असतोच असं नाही. ते म्हणतात, हमरापूरकडे जा, तिथं विचारा. हमरापूरच्या फाट्यावरचा चहावाला म्हणतो, ही माणसं जोह्याची, पुढे जा. जोह्यातला दुकानदार हात करून घर दाखवतो. वरच्याला खालचं सगळं ठाऊक नसतं, पुढे कोणाला विचारायचं एवढंच ठाऊक असतं. इंटरनेटवरही असंच चालतं. सगळ्यात वर जे बसलेत त्यांना आमच्या जोह्याच्या आडनावाचं काही पडलेलं नाही. पत्त्याच्या शेवटी जे टिंब आणि दोन-तीन अक्षरं असतात त्यांचा कारभार कोणाकडे आहे, तेवढं ते सांगतात. तो कारभारी सांगतो की या आडनावाची माहिती अमक्या सर्व्हरकडे आहे. तो सर्व्हर शेवटी नंबर देतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, म्हणून कोणाला दिसत नाही.

दर वेळी एवढं विचारत बसणं परवडणार नाही. म्हणून मधले लोक एकदा मिळालेलं उत्तर लक्षात ठेवतात. स्टँडवरचा रिक्षावाला एकदा जोह्याला जाऊन आला की दुसऱ्यांदा चहावाल्याशी थांबत नाही, तसंच. प्रत्येक उत्तरासोबत मुदत लिहून दिलेली असते की एवढा वेळ हे खरं समजा, नंतर पुन्हा विचारा. मुदत पाळणं मात्र ऐकणाऱ्याच्या इमानावर सोडलेलं असतं.

तर पहिलं वर्ष दादांचं गेलं. त्या नावावर येणारी माणसं आणि मेल त्यांच्याकडे जात राहिली. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम दिवाळीनंतर सुरू होतं, माल उन्हाळ्याच्या आत बोटीवर चढावा लागतो. दादांनी आखणीला बाहेरून माणूस आणला. बहिणीच्या नव्या शेडमध्ये नेहमीचे मुंबईचे व्यापारी आले, घासाघीस करून लहान मूर्ती घेऊन गेले. तिला शोधणारं असं कोणी आलं नाही. तिच्या नवऱ्यानं ते वर्ष कसंबसं ओढलं आणि पावसाळा संपता संपता बोलून दाखवलं की येती दिवाळी शेवटची. पाळी आपली आली तरी बाहेरची ऑर्डर आली नाही तर शेड भाड्यानं द्यायची, आपण नागोठण्याला कंपनीत शिफ्ट धरायची. तो हे माझ्यासमोर म्हणाला. बहीण ब्रश धूत होती.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तुला काय, आखणीला कोणीपन बोलवंल. रोजानं जा."

नवरा वाईट नाही. तो हिशोबी आहे, आणि हिशोब त्याच्या बाजूनं होता. पण बहिणीचं तोंड पाहून मला वाईट वाटलं, हे लिहायला हरकत नाही. दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन दुसऱ्याच्या मूर्तीला डोळे काढायचे, आणि ते कोणी काढले हे कोणालाही कळणार नाही, यात तिचं काय उरलं असतं?

पाडव्याच्या आधी मी माझ्याकडून सगळी तयारी केली. उत्तराची मुदत आगाऊच कमी करून ठेवली, म्हणजे बदल झाल्यावर जुनं उत्तर फार काळ कोणाच्या लक्षात राहू नये. पाडव्याला दादांच्या ओटीवर बसून, त्यांच्या समोर, त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी टाकून नाव धाकट्याकडे वळवलं. वेबसाइटही आणि मेलही. दादा पूर्ण वेळ रस्त्याकडे पाहत होते. झाल्यावर त्यांनी "झालं?" एवढंच विचारलं. त्यांच्या बायकोनं माझ्या हातावर करंजी ठेवली.

मग काही दिवस गंमत चालली. पेणला माझ्या घरी बहिणीची वेबसाइट दिसत होती. रोह्याला कंपनीत दादांचीच. बहिणीच्या फोनवर सकाळी तिची, संध्याकाळी वायफायवर पुन्हा दादांची. ती मला फोन करून करून वैतागली. "ताई, हे असं कसं? पाळी आमची हाय ना?" मी म्हटलं, पाळी तुमचीच आहे, पण ते अजून सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. कोणी दवंडी पिटत नाही. ज्याच्या त्याच्या लक्षातलं जुनं उत्तर शिळं होईल तेव्हाच तो पुन्हा विचारेल.

हळूहळू सगळीकडे तिचीच दिसू लागली. मेल मात्र आली नाही. आठवडे गेले. मी जितक्या जागा तपासता येतात तितक्या तपासल्या, सगळं ठीक होतं. पण जगात कुठे एखादा सर्व्हर मुदत गुंडाळून ठेवून जुनं उत्तर धरून बसला असेल, तर ते मला इथून दिसण्याची सोय नाही. त्याच्याकडून निघालेली मेल दादांच्या पेटीत पडत असणार. त्या पेटीचा पासवर्ड मी वाटणीच्या दिवशीच दादांना देऊन टाकला होता.

"दादांना विचारते," मी म्हटलं.

"नको," बहीण म्हणाली. "तू त्यांना नाय विचारायचं. आली असली आणि नाय म्हणाले तर मला मग त्या घरचा गणपतीपण बघवणार नाय."

मी विचारलं नाही. नवऱ्यानं शेड भाड्यानं मागणाऱ्या एकाला आत आणून लांबी-रुंदी दाखवली. बहीण त्या वेळी एका मूर्तीच्या डोळ्यावर होती, आणि तिनं हात थांबवला नाही, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

त्यानंतर एका रविवारी मी सहा आसनी रिक्षानं जोह्याला गेले तर बहीण शेडच्या बाहेर उभी होती, फोन कानाला. परदेशातून एक बाई बोलत होत्या, तिकडच्या मंडळाच्या. त्या दर वर्षी या घराकडून मूर्ती घेत. आदल्या वर्षी आलेल्या मूर्तींचे डोळे त्यांना रुचले नव्हते. म्हणून या वर्षी त्यांनी आधी मेल करून विचारलं होतं, ते डोळे काढणारी बाई अजून तुमच्याकडे आहे का, नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो. ती मेल गेली होती दादांकडे. माझा अंदाज खरा होता, पण तो खरा ठरल्याचा आनंद वगैरे मला झाला नाही.

मेलखाली त्या बाईंचा नंबर होता. दादांनी त्यांना उलट फोन लावला होता.

"काय सांगितलं दादांनी त्यांना?" फोन झाल्यावर मी बहिणीला विचारलं.

ती शेडच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, "सांगितलं, डोळे आमच्याकडं नाय होत. गेल्या वर्षीचे आम्ही बाहेरून काढून घेतले, ते तुम्हाला नाय पटले ते बरोबर हाय. डोळे काढते ती आमची सून. शेताच्या पलीकडं बसते. तिलाच विचारा. आणि माझा नंबर दिला."

"तुझा नंबर त्यांना पाठ होता?"

"पाठच असंल. त्यांच्या फोनमधून माझा नंबर काढून टाकलाय, ते मला ठाऊक हाय."

दिवाळीत ओटीवर बसून तिच्याबद्दल एक शब्दही न विचारणाऱ्या माणसानं परक्या बाईला 'आमची सून' असं सांगितलं होतं. बहिणीला रडू आलं आणि तिनं ते रंगाच्या हातानं पुसलं. मी दुसरीकडे पाहिलं.

परतताना माझ्या मनात माझंच काम आलं. मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलेय की ही व्यवस्था यंत्रांची आहे. ती यंत्रांची आहेच. पण ती टिकते ती एका फार साध्या गोष्टीवर. ज्याला विचारलं त्यानं, उत्तर आपल्याकडे नसेल तर, माझ्याकडे नाही म्हणावं, आणि ज्याच्याकडे आहे त्याचं ठिकाण खरं सांगावं. एखाद्यानं मध्येच "मीच तो" म्हटलं, तर विचारणाऱ्याला फसल्याचं कळतही नाही. दादांनी तसं म्हटलं असतं तर आम्हाला कोणालाही कळलं नसतं.

ती ऑर्डर आली. शेड भाड्यानं गेली नाही. नवऱ्यानं शिफ्टचं नाव काढणं सोडलं, निदान माझ्यासमोर. मूर्ती वेळेत बोटीवर चढल्या आणि पुन्हा दिवाळी जवळ आली, म्हणजे नाव दादांकडे द्यायची पाळी. तेव्हा बहीण मला म्हणाली, "ताई, पाळी बंद कर. नाव त्यांच्याकडंच राहू दे, कायमचं. त्यांच्या खाली मला जागा मिळंल का बघ."

अशी जागा मिळते. आडनावाच्या आधी एक शब्द आणि टिंब जोडलं की नवा पत्ता होतो. वरच्या नावाचा मालक फक्त एवढं सांगून ठेवतो की या शब्दाबद्दल मला विचारू नका, अमक्याला विचारा. खरं तर हे वाटणीच्या दिवशीच सुचवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण त्या दिवशी दादांकडे काही मागायची कोणाची तयारी नव्हती, आणि हे मागितल्याशिवाय मिळत नाही. वरच्यानं दिलं तरच खालच्याला मिळतं.

मी दादांच्या शेडमध्ये लॅपटॉप घेऊन गेले आणि बहिणीचं म्हणणं सांगितलं. त्यांनी हातातला पॉलिश पेपर बाजूला ठेवला, हात झटकले आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसले.

"शब्द कोणता टाकायचा?" मी विचारलं. "तिनं काही सांगितलं नाही."

दादा लॅपटॉपवर वाकले. "आखणी टाक," म्हणाले. मग म्हणाले, "दे, मीच टाकतो," आणि एका बोटानं, इंग्रजी अक्षरं शोधत, तो शब्द टाकला. त्यापुढे बहिणीच्या सर्व्हरचं नाव मी भरलं.

"आता उद्या तिनं शेड हलवली, दुसरीकडं गेली, तर मला यातलं काय काय बदलावं लागंल?"

"काहीच नाही. तिचं ती बदलेल. तुम्हाला विचारायची गरज पडणार नाही."

ते स्क्रीनकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ते नको म्हणतील. कर्ता म्हणून सगळं आयुष्य घालवलेल्या माणसाला मी सांगत होते की हे बटण दाबल्यावर तिथून खालचं काहीच तुमच्या हातात राहणार नाही.

"म्हंजे वाटनी आज झाली," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मी बहिणीला बजावून ठेवलं होतं की मी सांगेपर्यंत उघडून बघू नकोस. कारण ही मधली मंडळी नकारही लक्षात ठेवतात. पत्ता तयार व्हायच्या आधी विचारलं, तर "असं काही नाही" हे उत्तर घेऊन बसतात आणि तयार झाल्यावरही काही वेळ तेच सांगत राहतात. बहिणीच्या जिवाला दम नसतो. मला ठाऊक होतं की ती सकाळपासून बघत असणार.

दादा उठले आणि शेडच्या मागच्या दारात गेले. वाटणी झाल्यापासून ते दार लावलेलंच होतं, पुढ्यात प्लास्टरच्या रिकाम्या गोणी पडल्या होत्या. त्यांनी गोणी पायानं सरकवल्या, कडी काढली. पलीकडे कापणी झालेलं खाचर होतं आणि त्याच्या पार बहीण तिच्या शेडच्या तोंडाशी बसलेली दिसत होती.

"काय गो," दादांनी हाक मारली, "उघडून बघ जरा. येतंय का?"

ती उभी राहिली. इतक्या लांबूनही तिनं पदर सारखा केलेला मला दिसला. मग तिनं फोन काढला, बराच वेळ त्यात पाहिलं आणि ओरडली, "नाय हो दादा, अजून नाय म्हणतंय."

मी मागून सांगायला लागले की तिनं आधीच बघितलं असणार, म्हणून. पण दादांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"येईल," त्यांनी पलीकडे ओरडून सांगितलं. "थोडा येळ लागतो. मी हाय इथं उभा."

आणि ते दारात उभे राहिले.